हात घालून बघा

रविराजनं चहाचे कप बाजूला सारून फोन टेबलाच्या मधोमध ठेवला, तेव्हा आर्जवला वाटलं की आजही कुणाच्या तरी साखरपुड्यातला नाच असणार. साताऱ्यातल्या त्या विमा कार्यालयात दुपारच्या चहाला रोज एक व्हिडिओ बघायचा आणि त्यावर आर्जवनं काहीतरी बोलायचं, अशी पद्धत पडून गेली होती. त्याच्या कामात हे कुठं लिहिलेलं नव्हतं, पण ऑफिसात त्याचं हेच एक काम वेळेवर व्हायचं. व्हिडिओत हायवे होता, पहाटेचं धुकं होतं आणि धुक्यातून काही दिगंबर मुनी चालत येत होते. एका हातात मोरपिसांची पिंछी, दुसऱ्या हातात कमंडलू, अंगावर काही नाही. शूटिंग करणारा गाडीत बसलेला होता आणि त्यानं काच जराशी खाली केली असावी, कारण त्याचंच कुडकुडणं मध्येमध्ये ऐकू येत होतं. सगळ्यांनी आर्जवकडे बघितलं. चेहऱ्यावरची रेषही न हलवता आर्जव म्हणाला, "लगेजचा प्रश्नच मिटला." हशा बरा झाला. त्या हशातच त्याला शेवटून दुसऱ्या मुनींचा डावा पाय दिसला. प्रत्येक पावलाला तो पाय थोडा बाहेर पडत होता, रस्त्यातली एखादी चप्पल सारावी तसा. सांगलीच्या गणपती पेठेत त्या पायामागून चालतच आर्जव बालवाडीत गेला होता. व्हिडिओ संपला, रविराजनं पुन्हा लावला, आणि आर्जवनं पुन्हा हसून घेतलं, कारण पहिल्यांदा हसलेला माणूस दुसऱ्यांदा गप्प बसला तर लोक विचारतात. समोर बसणारी साक्षी तेवढी हसली नाही. ती म्हणाली, "पण खरंच, थंडी वाजत नसेल का यांना?" "सवय होते," आर्जव म्हणाला, आणि हे आपल्याला कुणी सांगितलं ते त्याला आठवेना. ऑफिसात कुणी वडिलांबद्दल विचारलं की तो सांगायचा, बाहेरगावी असतात. त्यात खोटं काहीच नव्हतं. ते ज्या गावी असतील ते दोन दिवसांत बाहेरगाव व्हायचं.

ज्या माणसाबद्दल साक्षीनं विचारलं होतं तो एके काळी सांगलीतला सगळ्यांत जास्त थंडी वाजणारा माणूस होता. धनपाल ब्लँकेटवाले, आर्जवचे अण्णा. नवरात्रात कानटोपी बाहेर यायची ती होळीला आत जायची. लग्नाच्या फोटोंत सदऱ्याखाली स्वेटर, आणि स्वेटरमुळं सगळ्या फोटोंत ते शेजारच्या माणसापेक्षा खात्यापित्या घरचे दिसायचे. दुकानात पानिपतची ब्लँकेटं, सोलापुरी चादरी, मागच्या बाजूला कापसाच्या गाद्या. गिऱ्हाईक किमतीवरून कुरकुरायला लागलं की अण्णा वाद घालत नसत. घडी उचलून म्हणत, "हात घालून बघा." गिऱ्हाईक दोन थरांमध्ये हात घाली. अण्णा दुसरंच काहीतरी बोलत राहत, पाऊसपाणी, तासगावचा बेदाण्याचा सौदा, मग एकदम म्हणत, "आता काढा." हात बाहेर आला की गिऱ्हाइकाचा चेहरा बदलायचा. सगळा धंदा त्या काढण्यावर होता. लहानपणी दुकानात गिऱ्हाईक नसलं की अण्णा आर्जवचाच हात घालायला लावत आणि काढा म्हणायचं मुद्दाम विसरून जात. आणि हा माणूस एक दिवस दुकानाला कुलूप लावून, किल्ल्या बायकोच्या हातात देऊन मुनी झाला. ब्लँकेटं सोडून झाला असता तरी लोकांना नवल वाटलं असतं. यांनी कपडेच सोडले. मुनी फळीवर झोपतात, फार तर चटईवर, तेही एका कुशीवर. आर्जवला पहिले काही महिने वाटत होतं की हिवाळा लागला की अण्णा परत येतील. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं नव्हतंच ते. वडिलांच्या वैराग्याबद्दल मुलाचा सगळा विचार काय, तर कानटोपी.

व्हिडिओच्या संध्याकाळीच आईचा फोन आला होता. महाराजांचा संघ पायी सांगलीकडे निघालाय, हायवेलगतच्या एका मंगल कार्यालयात दोन दिवस मुक्काम आहे, तिथं ती चौका लावणार आहे, म्हणजे आहारासाठी शुद्ध स्वयंपाक मांडणार आहे, तर साताऱ्याहून तू ये. आर्जवनं सांगितलं, रजा मिळत नाही. मग त्यानं साहेबांना सांगितलं की आई आजारी आहे आणि रजा घेतली. एका रजेसाठी दोनदा खोटं बोलणारा माणूस निदान त्या रजेचं काहीतरी भलं करेल असं कुणालाही वाटलं असतं. आर्जव तंबू घेऊन वाईच्या वरच्या एका पठारावर थंडीत एकटा राहायला गेला. तंबू जुनाच होता, निजायची पिशवी नवी. पिशवीवर शिवलेल्या चिंधीवर उणे दहा असं छापलं होतं. पठार त्यानं मोबाईलवर बघून निवडलं होतं आणि तिथून हायवे दिसतो हा योगायोग होता, असं तो चढ चढताना स्वतःशी दोन-तीनदा म्हणाला. वर पोचला तेव्हा ऊन गवतावरून निघून चाललं होतं. खुंट्या ठोकताना बोटं लाकडासारखी झाली. खाली कृष्णेच्या खोऱ्यात धूर अंथरल्यासारखा पसरला होता, आणि त्याच्या पलीकडं हायवेच्या कडेला मंगल कार्यालयाच्या लायटिंगची माळ कोणाचंही लग्न नसताना उघडझाप करत होती. मालकाला बहुधा ती बंद करायची सवयच नव्हती.

तेवढ्यात पुन्हा आईचा फोन आला. आवाज हलका होता, तोंडावर पदर धरून बोलल्यासारखा. "आज विधी मिळाला न्हाई रं. उपवास पडला." मुनी आहाराला निघण्याआधी मनात एक खूण धरतात आणि कुणालाच सांगत नाहीत. ती खूण ज्या दारात दिसेल तिथंच थांबायचं. दिसली नाही तर मागं फिरायचं, आणि मग त्या दिवशी अन्न नाही, पाणीसुद्धा नाही, कारण दोन्ही दिवसातून एकदाच, त्याच वेळेला. कालच्या घोटावर अण्णा आज चालले होते आणि आता उद्या सकाळपर्यंत काही नव्हतं. उद्याही न मिळालं तर परवापर्यंत. लोक मग अंदाज बांधत दारात उभे राहतात. आई डाळिंबं घेऊन उभी होती, शेजारची लीलाबाई कलश घेऊन, कुणी नारळ, कुणी उसाचं कांडं. एक जण तर कुठूनतरी वासरू आणून उभा होता, त्या वासरानं लीलाबाईचा पदर खाल्ला. "समद्यांच्या म्होरनं गेले," आई म्हणाली, "माज्याम्होरं जरा थांबल्यागत झालं. मग गेले." तिनं आवाज आणखी उतरवला. "लीलाबाई म्हणती, पोरगं मनात धरलं असंल."

"महाराज असलं धरत नाहीत, आई."

"मला काय ठावं न्हाई व्हय? मोह हाय त्यो. मी आपलं लीलाबाई काय म्हणती ते सांगितलं." मग म्हणाली, "तुजं धोतर-दुपट्टा आणलाय मी. इस्त्री करून. नुसतं आणलंय." तंबूचं कापड फडफडत होतं. "वारं कसलं वाजतंय तिकडं?"

"ऑफिसात एसी आहे," आर्जव म्हणाला. एवढ्या थंडीत एसी कशाला, हे आईनं विचारलं नाही. न विचारण्याचा तिचा आवाज त्याला ओळखू यायचा, दुकानात उधारीवाल्याशी बोलतानाचा.

त्यानं बटाट्याचे वेफर्स खाल्ले. सूर्य मावळल्यावर खाल्ले आणि बटाट्याचे खाल्ले, म्हणजे लहानपणी शिकवलेल्यातल्या दोन गोष्टी एका पुडीत मोडल्या. आत जाऊन पिशवीची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि वाट बघत पडला. कशाची, तर थंडीची. ती बाहेर होती. तंबूच्या आतल्या बाजूला त्याच्या श्वासाचं पाणी साचत होतं, त्याचे थेंब हळूहळू पांढरे पडत होते, आणि आत पिशवीत तो उणे दहाच्या हमीनं ऊबदार होता. उशाला अण्णांचा स्वेटर होता. दीक्षेच्या दिवशी उतरवलेला, आईनं घडी घालून आर्जवच्या हातात दिलेला, तपकिरी, कोपरावर दुसऱ्याच लोकरीनं रफू केलेला. त्या दिवशी मांडवात हजारो माणसं होती. सकाळी अण्णांना नवरदेवासारखं सजवून मिरवलं होतं, गळ्यात हार, डोक्याला फेटा, आणि फेट्याखाली, हे फक्त घरच्यांना माहीत होतं, कानात कापूस. मग व्यासपीठावर एकेक उतरत गेलं. केस त्यांनी स्वतःच्या हातानं उपटले, आणि दर मुठीला मांडवातून जयजयकार व्हायचा. शेवटचं वस्त्र उतरायची वेळ आली तेव्हा आर्जव बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. पायात बूट नव्हते. मांडवात सगळेच अनवाणी होते. तो जयजयकार संपेपर्यंत नसलेली नाडी बांधत राहिला, आणि सरळ झाला तेव्हा व्यासपीठावर अण्णा नव्हते, तिथं एक महाराज होते, नवं नाव घेतलेले, आणि ते आर्जवकडे जेवढं बघत होते तेवढंच खांबाकडे बघत होते. लोक नंतर त्याला म्हणाले, भाग्यवान आहेस. तो व्हय म्हणाला. त्याला अण्णांची लाज वाटत होती आणि लाज वाटते याची त्याहून जास्त वाटत होती, आणि या दोन लाजा एकमेकींना ओळख न दाखवता एकाच घरात राहत होत्या. तेव्हापासून तो विनोद करायला लागला, असं म्हणणं बरोबर होणार नाही, आधीही करायचा. पण तेव्हापासून थांबणं बंद झालं.

झोप येईना. एसी हा शब्द आठवून अंगावर काटा आला, थंडीनं काही येत नव्हता. खरं म्हणजे एवढंच हवं होतं त्याला. अण्णांना थंडी वाजते की नाही. वाजत नसेल, तर तो माणूस मांडवातच संपला, आणि आर्जवनं ऑफिसात चेष्टा केली ती कुणा परक्याची. वाजत असेल तर... इथं तो दर वेळी कूस बदलायचा. शेवटी पूर्वेकडं काळोख जरा विरळ झाला तेव्हा त्यानं चेन उघडली. जाकीट काढलं. बाहेर आला. बूट, मोजे, आतली लोकरीची बंडी, पॅंट. प्रत्येक कपड्याची नीट घडी घातली, दुकानदाराचा मुलगा होता. वाटलं होतं, थंडी बाहेरून येऊन अंगाला भिडेल. तसं झालं नाही. अंगच कुठंतरी निघून जायला लागलं, आधी बोटं गेली, मग कान, मग गुडघे, आणि मागं राहिलेल्या थोड्याशा आर्जवला कळेना की आता राहायचं कुठं. पायाखालचं दव गोठून कुरकुरीत झालं होतं. शेवटचा कपडाही त्यानं घडीवर ठेवला. मनात म्हणाला, आता काढा. आणि उभा राहिला.

तेव्हा बॅटरीचा झोत त्याच्या अंगावर पडला.

झोत लगेच विझला. खोकल्याचा आवाज आला, मग वहाणा काढल्याचा. घोंगडं पांघरलेला एक म्हातारा धनगर काही पावलांवर उभा होता. त्यानं काठी खाली ठेवली, गुडघे टेकले आणि कपाळ गोठलेल्या गवताला लावून आर्जवला नमस्कार केला. "म्हाराज," तो म्हणाला. पुढं सांगितलं की तो धोंडिराम, पलीकडं मेंढरं बसवलीत, एक शेळी सुटली म्हणून हिकडं आला. आर्जवनं सांगून टाकायला हवं होतं. त्याचं तोंडही उघडलं. पण त्याआधीच त्याचा उजवा हात वर गेला, तळवा पुढं, आशीर्वादाला, जसा त्यानं शेकडो वेळा बघितला होता. हाताला कुणी विचारलं नव्हतं. धोंडिराम समाधानानं बाजूला जाऊन बसला. म्हाराज ध्यानात हायत, कुत्रीबित्री येत्यात, मी बसतो राखण, असं त्यानं हळू आवाजात सांगितलं. आता कपड्यांकडं जायचं म्हणजे एका भाविकाच्या डोळ्यांदेखत महाराजांनी चड्डी घालायची. आर्जव दोन्ही हात सरळ सोडून, डोळे अर्धे मिटून, फोटोत असतात तसा उभा राहिला. आयुष्यात इतक्या आदरानं त्याच्याकडं कुणी बघितलं नव्हतं. त्या आदरानं मरायची वेळ आली. दात वाजू नयेत म्हणून त्यानं जीभ मध्ये धरली. पूर्व पांढरी होत होती, घोंगड्यातून वाफ निघत होती, म्हातारा हात जोडून बसला होता, शेळी कुठंतरी ओरडत होती आणि तिच्याकडं तो बघतसुद्धा नव्हता. ती शेळी आर्जवला सोसेना.

"मी महाराज न्हाई," तो म्हणाला. जिभेमुळं ते बोबडं आलं. "माझे वडील आहेत महाराज."

धोंडिरामनं त्यावर विचार केला. हात जोडलेलेच होते. "मंग तुमी कशापायी कापडं काडल्यात?"

"बघत होतो. थंडी वाजते का."

"वाजती की," धोंडिराम म्हणाला. त्यानं हात सोडवले, उठला, तंबूजवळची कपड्यांची घडी आणून आर्जवपुढं धरली आणि मान फिरवून उभा राहिला. रागावला नव्हता. नमस्कार वाया गेल्याचंही त्याच्या तोंडावर काही दिसेना. आर्जवचे हात बाहीत शिरत नव्हते, तर पाठमोऱ्यानंच सांगितलं, "आदी डोस्कं घाला, गड्या. मग हात." महाराजचा गडी व्हायला तेवढाच वेळ लागला. मग काठी उचलताना तो आपणहून म्हणाला, "परवा सांजच्याला पुलाखालनं मेंढरं काडत हुतो, तवा गेले ते समदे. त्यात एक हुते, पाय असा भाईर टाकणारे. लय कापत हुते. दात वाजल्यालं मला ऐकू आलं. म्या घोंगडं म्होरं केलं. घेतलं न्हाई. पर बघितलं मातुर लय येळ." एवढं बोलून तो शेळीच्या आवाजामागं गेला. आर्जवनं तंबू गुंडाळला. दोनदा चुकीचा गुंडाळला. मग तसाच पाठीवर टाकून उतरायला लागला, आणि उताराला लागल्यावर पळायला लागला.

मंगल कार्यालयाच्या मागं आई पाणी तापवत होती. सॅक, तंबू, पिंजारलेले केस बघून ती एवढंच म्हणाली, "एसी बंद झाला व्हय?" आणि विहिरीचं पाणी शेंदून त्याच्या डोक्यावर ओतलं, कारण तापवलेलं आहाराचं होतं. धोतर-दुपट्ट्याची इस्त्री मोडलेली नव्हती. तिनं त्याच्या हातात नारळ दिला, स्वतः कलश घेतला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दारादारांत लोक उभे होते, कालच्यापेक्षा जास्त वस्तू घेऊन. वासरू आलं होतं. लीलाबाई त्याच्यापासून लांब उभी होती. मग महाराज आले. उजव्या हाताची बोटं जुळवून खांद्याला लावलेली, नजर पुढच्या जमिनीवर, डावा पाय किंचित बाहेर. ओठ सोललेले होते. "नमोस्तु, नमोस्तु, नमोस्तु," आई म्हणत होती, "अत्र, अत्र, अत्र, तिष्ठ, तिष्ठ, तिष्ठ," आणि आवाज तिच्या ताब्यात होता, पण कलशातल्या पाण्यावर वर्तुळं उठत होती. आर्जवचे नुसते ओठ हलत होते. महाराज लीलाबाईपुढून गेले. उसापुढून गेले. या दोघांपुढं आले आणि उभे राहिले. कशानं थांबले ते कळायला मार्ग नाही. वासराचा मालक आजही सांगतो की वासरू बरोबर मागं दिसत होतं.

दोघांच्या तीन प्रदक्षिणा झाल्या, पाय धुणं झालं, महाराज चौक्यात पाटावर उभे राहिले. आता देणाऱ्यानं म्हणायचं असतं की मन शुद्ध, वचन शुद्ध, काय शुद्ध, आहार-जल शुद्ध आहे. काय म्हणजे शरीर. एवढं म्हटल्याशिवाय मुनी हात उघडत नाहीत. आईनं आर्जवला खूण केली. मुलगा उभा असताना तिनं म्हणणं तिला बरं वाटलं नसावं. "मन शुद्ध," आर्जव म्हणाला, आणि पुढं येईना. लगेजचा प्रश्नच मिटला, असं त्याच्या तोंडात तयार होतं. ते सारखं पुढं येत होतं, बाकी सगळ्या शब्दांच्या आधी, आणि त्याच्या मागं तो हशा. दारात माणसं जमली होती. कुणीतरी खाकरलं. महाराज वाट बघत होते, डोळे खाली, दोन दिवस पाणी न गेलेला गळा एकदा कोरडाच हलला. खरं बोललं असतं तर ते तसेच मागं फिरले असते. चौघांदेखत, आहार न घेता, पुन्हा उद्यावर. "वचन शुद्ध," आर्जव म्हणाला. त्यानं आयुष्यात वडिलांना दिलेली ही पहिली वस्तू, आणि ती खोटी होती. "काय शुद्ध," वेफर्ससकट. "आहार-जल शुद्ध आहे." एवढं एक खरं होतं, ते आईनं केलेलं होतं.

महाराजांनी हात उघडले. दोन्ही तळवे जोडून ओंजळ पुढं आली. आर्जवनं लोटी उचलली. पाणी कोमट होतं, लोटीच्या पितळेतून ते त्याच्या बोटांना लागलं आणि रात्री निघून गेलेली बोटं एकेक करून परत आली. तो धार सोडू लागला. ओंजळ भरली. सोललेले ओठ तिच्यापासून वीतभर अंतरावर होते आणि महाराजांनी ती लगेच उचलली नाही. बोटं जरा आत मिटली, अंगठे पाण्यात बुडाले, आणि ते हात तसेच राहिले, त्या कोमट पाण्यात, गिऱ्हाइकानं दोन थरांमध्ये हात घातल्यासारखे. दारातल्या कुणाच्या ते लक्षात आलं नाही. क्षणभरच होतं. मांडवात नाडी बांधायला वाकून जे बघायचं त्यानं चुकवलं होतं, त्यापेक्षा हे कितीतरी उघडं होतं, आणि तो बघत होता हे बहुतेक त्यांना ठाऊक होतं. आर्जवला मान खाली घालायची होती. पण मान हलली असती तर धार हलली असती, पाणी सांडलं असतं. त्यानं मान हलवली नाही. ओंजळ ओठांशी गेली, रिकामी होऊन परत आली, आणि तो पुन्हा ओतू लागला, सावकाश, शक्य तितकं सावकाश.